विहीणबाईंची मादिराँ

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे अल्कोहोलचं सूत्र मला पाठ होतं. चव मात्र साठी उलटल्यावर कळली, आणि तीही पुण्यात नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, एका द्राक्षबागायतदाराच्या स्वयंपाकघरात कळली. तो बागायतदार म्हणजे आमचे व्याही.

आमची मुलगी विमानं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला म्हणून तूलूझला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून बसली. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यावर जे बोलायचं ते बोलून झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि आमचे हे दोघं पहिल्यांदा तिच्या सासरी गेलो. शहरापासून गाडीने दोनेक तास लांब, छोट्या छोट्या टेकड्या आणि त्यांवर द्राक्षाच्या रांगा. प्रदेशाचं नाव मादिराँ, तिथल्या एका गावाचं नावही मादिराँ आणि तिथे होणाऱ्या लाल वाईनचं नावही मादिराँ. त्यांच्याकडे वाईनला गावाच्या नावानेच ओळखतात. आपण नाही का पुरंदरची अंजिरं म्हणत, तसंच.

जेवायला बसलो तेव्हा विहीणबाईंनी माझ्यासमोर एक ग्लास ठेवला. बाई बुटक्या, बारीक केस कापलेल्या, आणि बोटांची नखं कायमची जांभळी झालेली. ह्यांनी स्वतःचा ग्लास ताबडतोब पालथा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही पालथा घालीन अशी त्यांची खात्री होती. मी उचलला. वाईन लाल कसली, काळीच होती. ग्लास उजेडाकडे धरला तरी पलीकडचं काही दिसेना. एक घोट घेतला आणि तोंड असं आवळलं गेलं की जीभ टाळ्याला चिकटली. कच्चं जांभूळ आणि हिरडा एकदम चावल्यासारखं वाटलं.

हे मोठ्याने हसले. "घ्या अजून!" म्हणाले.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मेंढीच्या दुधाच्या चीजचा एक तुकडा कापून माझ्या ताटलीत ठेवला, हा खा आणि मग पुन्हा पी, अशी खूण केली. मी तसं केलं. तीच वाईन, तोच ग्लास, पण आता ती मऊ झाली होती. काळ्या मनुका, जरासा धूर, पाऊस पडून गेल्यावर लाकडाच्या वखारीत येतो तसला वास. मला कारण लगेच कळलं आणि मी एकदम शिक्षिकेच्या आवाजात मुलीला सांगितलं, "ह्यांना सांग, हे टॅनिन आहे. ते तोंडातल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड कोरडं पडतं. चीज खाल्लं की त्याला धरायला दुसरी प्रथिनं मिळतात आणि ते आपल्याला सोडतं." मुलीने भाषांतर केलं. विहीणबाईंनी टेबलावर हात आपटला आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "आई, त्या म्हणतायत की चाळीस वर्षं मी हे करते आहे आणि कारण आज कळलं."

त्या मुक्कामात मी त्यांच्या मागे मागे बागेतून हिंडले. हे व्हरांड्यात बसून पुण्याहून आणलेला चिवडा खात होते. द्राक्षाची जात तना नावाची. साल जाड, आणि बिया इतर जातींपेक्षा जास्त. सगळा तुरटपणा त्या सालीत आणि बियांत. पश्चिमेकडून समुद्राचा पाऊस येतो, दक्षिणेला पिरेनीजचे डोंगर, त्यांच्या पलीकडे स्पेन. शरद ऋतूत त्या डोंगरांवरून कोरडा, ऊन वारा खाली उतरतो आणि त्या वाऱ्यावर ही द्राक्षं उशिरा, ऑक्टोबरात पिकतात. पायाखाली चिकणमाती आणि गोल गोटे. स्पेनमधल्या तीर्थाला पायी जाणारे लोक शेकडो वर्षांपूर्वी ह्या वाटेने जात आणि इथल्या मठातले साधू त्यांना ही वाईन पाजत. विहीणबाई म्हणाल्या, यात्रेकरूंचे पाय दुखत असतील म्हणूनच त्यांना हिची चव सहन झाली असेल.

हल्ली तिथेही लोकांना धीर नाही. पिंपात हवेचे बारीक बुडबुडे सोडून वाईन लवकर मऊ करायची युक्ती निघाली आहे, आणि ती त्याच भागात निघाली. शिवाय दुसऱ्या सौम्य द्राक्षांचा रस मिसळतात. व्याही दोन्ही करत, कारण दुकानदारांना तशीच हवी असते. पण वरच्या अंगाचा एक छोटा तुकडा विहीणबाईंचा होता. तिथे फक्त तना, आणि बुडबुडे नाहीत, मिसळ नाही. तिथली वाईन पहिली काही वर्षं पिण्याजोगी नसायचीच. त्या म्हणायच्या, थांबा.

पुण्याला परतल्यावर ह्यांना एक विनोद सापडला. कोणी आलं की, "आमच्या हिला आता साधं पाणी चालत नाही, फ्रान्सचं लागतं." पाहुणे हसायचे. मी चहा ठेवायला आत जायची. पहिल्या वेळी मलाही हसू आलं होतं. पण तोच विनोद दर दिवाळीला, दर हळदीकुंकवाच्या संध्याकाळी, माझ्या शाळेतल्या मैत्रिणींसमोर, माझ्या विद्यार्थ्यांसमोर! विहीणबाईंच्या घरात मी काहीतरी सांगितलं होतं, ते माणूस म्हणून ऐकून घेतलं गेलं होतं आणि कोणाला तरी उपयोगी पडलं होतं. ह्यांच्या लेखी ती गोष्ट म्हणजे बायको दारू प्यायली, एवढीच. चिडायचं नाही म्हणून मी चिडले नाही, आणि ते सगळं आत साचत गेलं.

मग विहीणबाई आजारी पडल्या. शेवटच्या वर्षी त्यांना बागेत जाता येत नव्हतं. खुर्ची अंगणात ठेवून त्या तिथून ओरडत आणि व्याही पिंपं हलवत. त्या वर्षीची त्यांच्या तुकड्यातली वाईन बाटल्यांत भरली गेली तेव्हा त्यातल्या एका बाटलीचं लेबल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. वर्षभराने व्याही मुलीबरोबर पुण्याला आले, तेव्हा ती बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. लेबलवर निळ्या शाईने फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, 'पहिल्या नातवंडासाठी. घाई करू नका.' मुलीने ते वाचून दाखवलं. व्याही म्हणाले, "तिची इच्छा होती की ही तुमच्याकडे राहावी. माझ्याकडे राहिली तर मी पिऊन टाकीन असं ती म्हणायची."

मी ती बाटली माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या सुती साड्यांच्या मधे आडवी ठेवली. आडवी ठेवायची असते, बूच ओलं राहावं लागतं. ह्यांना मी हे सगळं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

आता आमच्याकडच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोथरूडातल्या प्रत्येक घरात एक कप्पा फिरत्या आहेराचा असतो. आलेल्या शाली, ब्लाउजपीस, घड्याळं, काचेचे बाऊल, चांदीचा मुलामा दिलेले गणपती, सगळं तिथे जातं आणि वेळ आली की दुसऱ्याच्या घरी रवाना होतं. काही वस्तू वर्षानुवर्षं फिरत असतात, त्यांचं वेष्टन कोणी काढलेलंच नसतं. ह्यात कोणाला काही वाईट वाटत नाही. फक्त ज्याने दिलं त्यालाच परत जाऊ नये, म्हणून आतल्या बाजूला पेन्सिलीने नाव लिहून ठेवायचं. आमच्याकडे हे खातं ह्यांचं. खडकीच्या कारखान्यातल्या नोकरीतली त्यांची सगळी शिस्त निवृत्तीनंतर त्या कप्प्यात उतरली आहे.

नात झाली. मुलगी-जावई बाळाला घेऊन पुण्याला यायचे होते, बारसं इथेच करायचं होतं आणि व्याहीही येणार होते. बारशाच्या दिवशी ती बाटली उघडायची हे मुलीने फोनवर तीनचारदा सांगितलं. आदल्या दिवशी सगळे विमानतळावरून घरी आले, चहा झाला, बाळ झोपलं. मी कपाट उघडून साड्यांमध्ये हात घातला आणि हाताला नुसत्या साड्या लागल्या. कप्पा रिकामा करून पाहिला. वरचाही पाहिला. मग स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात ह्यांना विचारलं.

"ती होय? साहेबांच्या पंचाहत्तरीला दिली की. मागच्या वर्षी."

साहेब म्हणजे ह्यांचे जुने वरिष्ठ, एरंडवण्यात राहतात. मी म्हटलं, "अहो, ती कसली बाटली होती माहीत होतं ना तुम्हाला?"

"अगं, साहेबांना द्यायला घरात दुसरं काही बरं नव्हतं. शाल काय देणार त्यांना? ही परदेशी होती. आणि नुसती पडूनच होती."

"पडून नव्हती. ठेवली होती."

"बरं, आता आरडाओरडा नको. व्याहीबुवांना मी सांगतो ना सकाळी. समजूतदार माणूस आहे."

मी त्यावर विश्वास ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात माणसाला विश्वास ठेवायची सवयच लागते, दुसरं काय!

सकाळी पाहुणे जमले. पाळणा सजला, नाव कानात सांगून झालं, घुगऱ्या वाटल्या. मी सारखी व्याह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते आनंदात दिसत होते, म्हणजे ह्यांनी सांगितलं असावं आणि त्यांनी मनावर घेतलं नसावं, असं मला वाटलं. मग व्याही उठले आणि तोडक्या इंग्रजीत सगळ्यांसमोर म्हणाले, "आज माझी बायको इथे नाही. म्हणून बाटली बाळाच्या दुसऱ्या आजीने उघडायची." आणि त्यांनी खिशातून बूच काढायचा स्क्रू काढून माझ्यापुढे धरला. विहीणबाईंचाच होता तो, लाकडी मुठीचा. मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिला होता.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत हे पुढे झाले. "मी पहाटेच उघडून ठेवली! श्वास घ्यायला लागतो ना तिला? वाचलंय मी मोबाईलवर." आणि फ्रिजमधून स्टीलचा जग काढून आणला. जगाच्या बाहेरून थंडीने पाणी सुटलं होतं.

त्यांनी ग्लास भरले. रंग पाहताच मला कळलं. कोकम सरबताचा असतो तसा गुलाबी-लाल, आणि आरपार दिसणारा. वास आला तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. ती आपल्याकडे दुकानात मिळते ती गोड पोर्ट वाईन होती. काही घरांत अशक्तपणावर औषध म्हणून देतात ती. लाल ती लाल, एवढाच ह्यांचा हिशोब.

मुलीने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवून वडिलांकडे पाहिलं. जावई खिडकीबाहेर बघत राहिला. व्याह्यांनी ग्लास नाकाशी नेला, क्षणभर थांबले, आणि मग सावकाश, न थांबता सगळा ग्लास संपवला. "मेर्सी," त्यांनी ह्यांचे आभार मानले. "खूप छान ठेवलीत." हे खूश झाले. मला म्हणाले, "बघ, काही कळत नाही त्यांना."

मला भरल्या घरात ओरडावंसं वाटलं. पाळण्याभोवती बायका होत्या, कोणीतरी गाणं म्हणत होतं. मी आत जाऊन उभी राहिले आणि सिंकची कड घट्ट धरून ठेवली.

पाहुणे गेल्यावर व्याही स्वयंपाकघराच्या दारात आले. एक विनंती आहे, म्हणाले. रिकामी बाटली त्यांना हवी होती. वाईनचं काही नाही, पण लेबलवर त्यांच्या बायकोचं अक्षर होतं. तिने शेवटी लिहिलेलं तेवढंच. हे मागून म्हणाले, "ती ना, भंगारवाला आला होता दुपारी, त्याला देऊन टाकली." हे वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. मग मी मुलीला हाक मारली आणि व्याह्यांना, मुलीला, जावयाला एकत्र बसवून सगळं सांगितलं. साहेब, पंचाहत्तरी, पोर्ट वाईन, सगळं. हे मधे मधे "अगं, पण" म्हणत होते. कोणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. व्याही म्हणाले, "मला रंगावरूनच समजलं होतं. पण तुमचं घर आहे. मी काय बोलणार?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने माझं प्रेमाने स्वागत केलं, लाडू दिला, आणि बाटलीचं नाव काढताच कपाळाला हात लावला. "अहो, आमच्याकडे कोणी घेत नाही हो. भाचीच्या वास्तुशांतीला दिली. कात्रजला फ्लॅट घेतलाय तिने." वास्तुशांतीला वाईन! पण मला हसायची सोय नव्हती. मी रिक्षा केली.

भाची चांगली मुलगी होती. आयटीत नोकरी, घरून काम चालू होतं, कानावरचा हेडफोन काढून ठेवून माझ्याशी बोलली. बाटली समोरच होती. बैठकीच्या खोलीतल्या खिडकीत, पाणी भरलेली, आणि तिच्यात मनी प्लांट. मुळं पांढरी, बाटलीच्या तळापर्यंत पोचलेली. काच पूर्ण स्वच्छ होती.

"ह्याच्यावर लेबल होतं ना?" मी विचारलं.

"हो काकू, पण त्याच्यावर कोणीतरी पेनने काहीतरी गिचमीड केलं होतं. सो गरम पाण्यात भिजवलं आणि स्क्रॅच करून काढलं. शेप किती मस्त आहे ना बॉटलचा?"

"आणि आतलं?"

"ती खराब झाली होती. फ्रेंड्स आले होते तेव्हा ओपन केली, एवढी कडू! कोणालाच एक सिपसुद्धा जाईना. सगळी बेसिनमध्ये ओतली." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती घाबरली. "महाग होती का काकू?"

तिच्यावर मी काय रागवणार? तिला एक वस्तू भेट मिळाली होती, जशी सगळ्यांना मिळते. मी तिला थोडक्यात सांगितलं. तिचे डोळे भरले. तिने मनी प्लांट दुसऱ्या बरणीत हलवला, बाटली धुऊन, पुसून मला दिली.

घरी आल्यावर मी ती व्याह्यांच्या हातात ठेवली आणि मुलीला मधे न घेता माझ्या इंग्रजीत सांगितलं की लेबल गेलं आणि वाईन बेसिनमध्ये गेली. त्यांनी बाटली फिरवून पाहिली. जिथे लेबल होतं तिथे गोंदाचा थोडा चिकटपणा राहिला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"त्या लोकांनी का ओतली?"

"त्यांना कडू लागली. खराब झालीय असं वाटलं त्यांना."

"कडू? तोंड कोरडं पडत होतं?"

"तसंच असणार."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे चांगली होती. अजून थोडी थांबायला हवी होती, एवढंच." आणि म्हातारा माणूस आमच्या सोफ्यावर बसून रडला. आतल्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. हे बाहेर आले नाहीत.

परत जाताना मुलीने वडिलांना वाकून नमस्कार केला, त्यात काही उणं ठेवलं नाही. फोनही करते. "बाबा, गोळ्या घेता ना?" एवढं विचारते आणि मग फोन मला द्यायला सांगते. मला सगळं सांगते, बाळाला दात आले, ती उभी राहायला लागली. ह्यांच्या मते घरात कुठेही काही बिनसलेलं नाही. मध्यंतरी साहेबांना भेटून आले आणि बाटलीची गोष्ट त्यांना गंमत म्हणून सांगून आले. साहेब खूप हसले म्हणे.

गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, "आई, ऑक्टोबरात ये. इकडचे आजोबा वरच्या तुकड्याची तोडणी करणार आहेत, ह्या वेळी मिसळ न करता. तू असावीस असं त्यांना वाटतं." जरा थांबून म्हणाली, "एकटी आलीस तरी चालेल." तिला नुसतं 'चालेल' म्हणायचं नव्हतं, एकटीच ये म्हणायचं होतं, हे मला कळलं. माझीच मुलगी आहे ती.

काल जेवताना ह्यांनी वरणाची वाटी पुढे ओढत विचारलं, "ऑक्टोबरचं काय ठरतंय मग? आपली तिकिटं कधी काढायची?"

"काढलंय," मी म्हटलं. "एक."